गडग्यापलीकडचा विस्तव

शेजारचं घर पेटलं तेव्हा माझ्या घरात सुतक होतं.

बायको घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आमसुलं उलटायला म्हणून गेली होती. उन्हात चटईवर सोलं पसरलेली. मी पडवीत बसून सुंभ वळत होतो. ती खाली बसलेली दिसली. म्हटलं, बसली कामाला. थोड्या वेळाने हाक मारली, "गो, ऊन लागात, आत ये." उत्तर नाही. परत हाक मारली. मग मी रागावलोसुद्धा, म्हटलं बहिरी झाली काय ही. उठून जवळ गेलो तर ती गेलेली. सोल हातात तसंच. बोटं लाल. डॉक्टर म्हणाला, हृदय. मला हृदयाचं काय सांगतोस बाबा, सकाळी तिने विहिरीचं पाणी स्वतः ओढलं होतं.

मी चार यत्ता शिकलेला माणूस. नारळ, थोडं भात, चार काजू, यातच जन्म गेला. लिहायची सवय नाही, तेव्हा जसं झालं तसं सांगतो. ती गेल्यावर मला रडू आलं नाही. लोक येऊन सांगायचे, "रड रे, मोकळो हो." कसं रडायचं ते कुणी सांगेना. मी आपला पडवीत बसून. डोक्यात नुसता आवाज, विहिरीत रिकामी कळशी आपटावी तसा.

माजघरात जिथे तिला शेवटी ठेवली होती तिथे दिवा लावलेला होता. खाली तांदळाच्या पिठाचा थर. आमच्याकडे तेरावं होईपर्यंत हा दिवा विझू द्यायचा नाही, आणि जागचा हलवायचाही नाही. माझी मुलगी तळेऱ्याला दिलेली. ती येऊन राहिली होती आणि दिव्याला तेल घालत होती. मी देवाधर्मातला माणूस नाही, देवळात गेलो तर सावलीला बसायला. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसली होती. तो दिवा जळतोय तोवर ती या घरातून पुरती गेलेली नाही. मी जेवत होतो, झोपत होतो, लोकांशी बोलत होतो ते त्या दिव्यावर. बाकी घरात माझं काही राहिलं नव्हतं.

आमची वाडी तोंडवलीच्या अंगाला, समुद्रापासून लांब नाही. समुद्राकडून पहिलं घर शेजाऱ्याचं. मग चिऱ्यांचा गडगा, कमरेएवढी भिंत. मग माझं घर. माझ्या मागे गवताची उडवी, आणि उडवीला लागून सगळी वाडी. शेजारी माझ्याच वयाचा. पूर्वी होडीवर जायचा, आता गुडघे गेले. आमचा भाऊबंद नव्हे, आडनाव वेगळं, देव वेगळा. म्हणजे आमचं सुतक त्यांना नाही. ते सुतक पाळायचे ते बाहेरून. आमच्याकडचं पाणी पीत नसत, दाराच्या आत येत नसत. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, त्यांच्याकडे कोण गेलं तेव्हा आम्हीही तेच केलं.

शेजारीण आणि माझी बायको एकाच वर्षी लग्न होऊन या वाडीत आल्या. तेव्हा काडेपेटी जपून वापरायचे दिवस. सकाळी जिची चूल आधी पेटे तिच्याकडून दुसरीने करवंटीत विस्तव न्यायचा. आमची जरा उशिरा उठणारी, त्यामुळे करवंटी घेऊन गडग्याशी उभी राहायची तीच. पुढे गॅस आला, पण पाण्याची चूल राहिलीच, आणि तिला पुढेही विस्तव त्या घरातलाच लागायचा. काडेपेटी घरात असताना. मी म्हणायचो, "गो, काडी वढ ना." म्हणायची, "काडी वढून भायर काय चल्लाहा ता कळता?" विस्तव हे निमित्त, गप्पा खऱ्या. कोंबड्यांवरून भांडायच्याही. महिना महिना बोलायच्या नाहीत, पण विस्तव चालू.

आता मांडवाचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यावरून झालं. आमच्या खळ्यावर दर उन्हाळ्यात झापांचा मांडव असतो. झाप म्हणजे माडाच्या चुडतांची, झावळ्यांची, विणलेली चटई. लोक आता निळं प्लास्टिक घालतात. बायकोला प्लास्टिक चालत नसे. ती चुडतं विहिरीजवळच्या कुंडीत भिजत घालायची आणि स्वतः विणायची. पावसाळ्यात पडवीला लावायचे झापही तिनेच विणून भिंतीला टेकवून ठेवलेले, सुकून कडकडीत. ती गेली आणि माणसं येऊ लागली बसायला. वाडीतली, लांबून लांबून. पिंगुळीचे तिचे माहेरचे टेम्पो भरून आले. खळं पुरेना. तेव्हा शेजाऱ्याने कुणाला न विचारता मांडव वाढवला. माझ्या खळ्यापासून गडग्यावरून थेट त्याच्या पडवीच्या वाशापर्यंत. म्हणाला, "माझी माणसां तुझ्या घरात येवची नाय, पण मांडवाखाली बसतली." चांगुलपणाने केलं. दोन घरं एका मांडवाखाली आली. त्या वेळी कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही, की उन्हाळ्याच्या वाऱ्यात आपण दोन घरांमध्ये वात घालून ठेवली.

दुपारची जेवणं झाली होती. मी पडवीत आडवा. समुद्रावरून वारा सुटलेला. वास आला. मला वाटलं कुणी पाचोळा जाळतोय. मग शेजारीण ओरडली.

"भावोजी! माळो पेटलो! भावोजी!"

उठून बघतो तो तिच्या स्वयंपाकघरावरच्या कौलांतून धूर. काळा नाही, पिवळसर. माळ्यावर पावसाळ्यात जाळायला नारळाची सोडणं, वरची काथ्याची सालं, भरून ठेवलेली, वाळलेली. वायर जळली की चुलीची ठिणगी गेली, अजून कुणाला ठाऊक नाही. मी उभा होतो तेवढ्यात कौलं फुटायला लागली. फटाफट, बार काढावे तशी. मी आयुष्यात गवत जळताना बघितलंय, उडवी जळताना बघितलीय. घर जळताना पहिल्यांदा बघत होतो. घराला आवाज असतो हे मला ठाऊक नव्हतं.

वाडी धावली. कळश्या, बादल्या, रंगाचे डबे, जे हाताला लागेल ते. आणि मी काय बघतो? माझी विहीर त्या घराला सगळ्यांत जवळची, गडग्याला लागून, रहाट लावलेला. तिला वळसा घालून सगळे पलीकडच्या बावीवर धावतायत, पार उतारावर. रिकामे जाताना माझ्या विहिरीवरून, भरून येताना माझ्या विहिरीवरून. अर्धं पाणी वाटेत सांडतंय.

मी ओरडलो, "खंय धावतास रे? माझी बाव आटली काय?"

कुणी थांबेना. शेजारीच समोर आला, धापा टाकत, हातात दोन बादल्या. मी त्याची बादली धरली.

"हयसर भर!"

तो म्हणाला, "सुतक आसा मा तुझा."

विचार करून बोलला नाही तो. तोंडातून आपोआप आलं. डोळे कुठेतरी भलतीकडे.

"अरे मेल्या, घर जळता तुझा आणि सुतक माझा बघतस? जाळाक सुतक लागता काय?"

तेव्हा त्याने विहिरीकडे बघितलं, जशी ती आत्ताच तिथे उगवली. मग हातातली बादली सरळ विहिरीत सोडली. त्याच्या मागून सगळे आले. कुणी वाईट नव्हतं. पाय आपले सवयीने वळले होते, इतकंच. पण तोवर माळा खाली आला होता.

पाणी मारत होते ते सगळे पेटलेल्या घरावर. बादलीभर पाणी त्या जाळात पडायच्या आधीच वाफ होऊन जायचं. वाऱ्यावर ठिणग्या उडत होत्या, त्या कुठे पडतायत हे कुणी बघत नव्हतं. मीही नाही. शेजाऱ्याचं घर जळत असताना स्वतःच्या घराकडे बघणं बरं दिसत नाही आमच्याकडे.

मुलगी आतून ओरडली, "बाबा, मांडव!"

मांडवाचं शेजाऱ्याकडचं टोक पेटलं होतं.

त्याच सुमाराला शहरातून बंब आला. आला म्हणजे पाणंदीच्या तोंडाशी आला. आमची पाणंद बैलगाडीच्या मापाची, दोन्ही बाजूंना गडगे. बंब आत शिरेना. बंबवाले पाइप खांद्यावर टाकून धावत आले. पाइप माझ्या खळ्यापर्यंत पुरला आणि संपला. त्यांचा मुख्य माणूस मधल्या वयाचा, घामाने निथळलेला. त्याने एकदा जळतं घर बघितलं, एकदा मांडव, एकदा माडांची शेंडी कुठे वाकतेय ते. आणि म्हणाला,

"ते घर सोडा."

शेजारणीला समजेना. "सोडा म्हंजे?"

"ते गेलं ताई. आत कोण माणूस आहे? गुरं?"

"नाय. पण माझा सगळा..."

"सिलिंडर?"

"पयलोच भायर काढलो," शेजारी म्हणाला.

"मग सोडा. पाणी या घरावर मारायचं." आणि माझ्या घराकडे बोट.

सगळ्यांनी माझ्या कौलांकडे बघितलं. तिकडे त्याची कौलं फुटतच होती. शेजारी पुढे आला, त्याने पाइपच धरला.

"माझा जळता ता दिसना नाय तुमका? पाणी ह्येच्या कौलार? ह्येचा खंय पेटलाहा?"

मलाही तेच वाटत होतं. मला इतकी लाज वाटली की मी त्या माणसाच्या अंगावर ओरडलो, "माझा रवांदे! तेचा विजव आधी!"

त्याने आवाज चढवला नाही. "आजोबा, वारा बघा. त्यांच्या घरावर बंब रिकामा केला तरी ते वाचणार नाही. पाणी संपेल तेव्हा तुमचं पेटलेलं असेल. मागे ती उडवी. उडवीच्या मागे काय आहे?"

"वाडी."

"मग तुमचं घर आता घर नाही. बांध आहे. हा फुटला तर सगळं गेलं." मग सगळ्यांना, "आधी मांडव पाडा. ते झाप भिंतीपासून लांब न्या. उडवी भिजवा. बघत काय उभे राहिलात?"

शेजाऱ्याने पाइप सोडला. मी कोयता घेऊन आलो. त्यानेच माझ्या हातातला कोयता घेतला आणि स्वतः बांधलेल्या गाठी स्वतः तोडायला लागला. मी दुसऱ्या बाजूने दातरा, दातेरी विळा, घेऊन. सुंभ मीच वळलेलं. ती तिकडे सोलांकडे बसली होती तेव्हा वळत होतो तेच. मांडव धाडकन खाली आला, धूळ, ठिणग्या. पोरांनी जळती बाजू ओढून समुद्राकडच्या वाळूत नेली. भिंतीचे झापही गेले, तिने विणलेले सगळे. एकेक उचलून गडग्यावरून फेकले. कुणी विचारलं नाही, मीही थांबवलं नाही. थांबवणार काय म्हणून?

"ओली पोती आहेत का?" मुख्य माणसाने विचारलं. "ठिणगी पडेल तिथे मारायला."

पोती कुठली. आणि मग मला कुंडी आठवली. जायच्या आदल्या दिवशी तिने चुडतं भिजत घातली होती, आणखी झाप विणायला. ती गेल्यावर कुणी त्यांना हात लावला नव्हता. मी कुंडीत हात घातला. कुजका वास आला, हिरवट. चुडतं पाणी पिऊन दगडासारखी जड झालेली. मी एक ओढून दाखवलं.

"चालेल?"

"चालेल काय, द्या सगळी."

वाडीतल्या बायका ती ओली चुडतं घेऊन उडवीच्या भोवती उभ्या राहिल्या. ठिणगी पडली की चुडत. दुसरी पडली की चुडत. एक म्हातारी प्रत्येक फटक्याला ठिणगीला शिव्या देत होती. इतक्या घाण शिव्या की बंबवाल्यांतला एक हसला, आणि लगेच तोंड फिरवलं.

पाइपचं पाणी माझ्या कौलांवर चालू होतं. पण तो मुख्य माणूस वळचणीखाली उभा राहून वर बघत होता. मग त्याने मला बोलावलं.

"वाशांच्या आत धूर दिसतोय. ठिणगी कौलाखाली गेलीय. वरून पाणी मारून काही होणार नाही. कौलं काढून आत मारावं लागेल. खाली कुठली खोली?"

"माजघर."

"आत कोण आहे?"

"मुलगी आसा. आणि दिवा."

"दिवा?"

"माझ्या बायकोचा," मी म्हटलं. "तेराव्यापर्यंत ठेवायचा असतो."

त्याला सगळं कळलं असणार, तोही इथलाच कुठला तरी. "आजोबा, पाणी सरळ खाली येणार. काही राहणार नाही."

मला वाटलं होतं, ती खळ्यात गेली त्याहून मोठा धक्का या जन्मात बसणार नाही. तिथे वळचणीखाली उभा असताना बसला. तिच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारत होता. सगळी वाडी मागे, ठिणग्या उडतायत, आणि एक परका माणूस मला विचारतोय, विझवू का?

मी म्हटलं, "काढ कौलां."

आणि आत गेलो. मुलगी दिव्यासमोर बसली होती, पदर दोन्ही हातांनी आडवा धरून, वारा लागू नये म्हणून. वर वाशांमध्ये धूर फिरत होता.

"ऊठ."

"बाबा, दिवो विझात. मी येवचंय नाय."

"विझांदे."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या आईला दुसऱ्यांदा घराबाहेर काढतोय. "तुमका कायच वाटना नाय?"

"ऊठ गो," मी म्हटलं, "एक गेली ती पुरे."

हात धरून ओढत बाहेर आणली. मागे वळून बघितलं नाही. वरून पहिलं कौल निघालं आणि पाणी आलं. भिंतीपलीकडून मला ते जमिनीवर पडताना ऐकू येत होतं.

वाडी वाचली. माझं घर वाचलं, छपराचं एक पाखं उघडं पडलं आणि चार वासे काळे झाले. शेजाऱ्याच्या घराच्या चिऱ्यांच्या भिंती तेवढ्या उभ्या. तो गडग्यावर बसून बिडी शोधत होता. बिड्या घरात होत्या. शेजारीण माझ्या पडवीत येऊन बसली. सुतकाच्या घरात येऊन बसली, हे तिच्याही ध्यानात नव्हतं. मुलीने तिला तांब्या दिला. ती आमच्या विहिरीचं पाणी घटाघटा प्यायली, निम्मं अंगावर सांडलं.

तिन्हीसांज झाली. दिवेलागणीची वेळ, आणि वीज तर बंबवाल्यांनी वायरी तोडल्या तेव्हाच गेलेली. शेजारणीने आत बघितलं.

"दिवो खंय?"

मी म्हटलं, "विझलो."

ती उठून माजघरात गेली. खाली सगळा चिखल, पिठाची पेज झालेली, कौलांचे तुकडे. तिने चाचपडत पणती काढली, पदराने पुसली. वात पिळली. मुलीकडून तेल घेतलं. म्हणाली, "काडेपेटी."

काडेपेटी सापडेना. जी सापडली ती भिजलेली. लोक खिसे चाचपायला लागले, सगळे ओले चिंब. एवढा जाळ झाला दुपारभर आणि एक काडी मिळत नव्हती. गडग्यापलीकडे ढिगारा लाल होता, बंबवाले त्यावर पाणी मारत होते. सगळ्यांना दिसत होता. कुणी नाव घेत नव्हतं.

शेजारणीने कोपऱ्यातली करवंटी उचलली. माझ्या लक्षात आलं.

"नको गो," मी म्हटलं. "तुझ्या घराच्या जाळाचो नको."

ती थांबली. तोंड काजळीने काळं, डोळे सुजलेले.

"भावोजी, चाळीस वर्सां तुमची बायल माझ्या घरातलो इस्तव न्हेत इली. आज न्हेल्यान तर काय झाला?"

आणि गेली. गडग्याशी उभी राहिली, जिथे आमची उभी राहायची तिथे, आज मागणाऱ्याच्या बाजूला. मुख्य बंबवाला ओरडला, "ताई, मागे व्हा, भिंत पडेल!"

"एक निखारो व्हयो."

"काय?"

"निखारो. दिव्याक."

त्याने पाणी थांबवायला सांगितलं. ढिगाऱ्याच्या कडेचा एक निखारा फावड्यावर घेतला, फुंकून बघितला, आणि गडग्यावरून तिच्या करवंटीत टाकला. म्हणाला, "इतकी वर्षं बंबावर आहे, विस्तव मागायला कोणी आलं नव्हतं."

तिने करवंटीत सोडणाचा एक तंतू टाकला, फुंकर मारली, वात धरली. ओली होती, चटचटली. मग लागली. त्याच जागी, चिखलात एक चिरा ठेवून, त्यावर दिवा ठेवला. नवीन पीठ मुलीने घातलं.

तो दिवा तोच की दुसरा, मला ठाऊक नाही. भटाला विचारायचं कुणीतरी म्हणालं, मी नको म्हटलं. शेजारी आणि शेजारीण तेव्हापासून आमच्याकडेच आहेत. त्याच्या भिंतींवर अजून छप्पर चढायचं आहे. सुतकातच जेवले, सुतकातच झोपले, बाहेरचं सुतक कधी संपलं ते त्यांना कळलंही नाही. तेरावं त्यांच्यासकट झालं. दिवा तेव्हा शांत केला, रीतसर. मी समोर बसलो होतो. शेजारीण मागून म्हणाली, "आता तरी रडा, भावोजी."

आलं.